डोमाजीचे दहा आणि गावाचे उणे दोनशे चौदा

निंबखेडी, मंडळ बोथ,
जिल्हा आदिलाबाद.
११ डिसेंबर १९८८

तीर्थस्वरूप भिवाजीमामा यांस भाचा नागोराव याचा आदरपूर्वक जयभीम.

तुम्ही आणि मामी खुशाल असाल, तुमची प्रकृती दिवसेंदिवस सुधारत असेल अशी आशा करतो. मामींचा गुडघा थंडीत दुखत असेल तर करडीचं तेल कोमट करून लावून पाहावं (आमच्या गावात सगळे तेच लावतात; गुडघा बरा झालेला मी पाहिला नाही, पण लावणाऱ्याला काहीतरी केल्यासारखं वाटतं). इकडे कापूस निम्मा वेचून झाला, ज्वारी हुरड्यावर आली आहे, शाळेत पटावर एक्केचाळीस पोरं आणि वर्गात सव्वीस, म्हणजे सालाबादप्रमाणे सगळं ठीक आहे. आमच्या गावचं काहीबाही उडत उडत तुमच्या कानावर आलं असेल. लोक तिखटमीठ लावून सांगतात. म्हणून म्हटलं, काय झालं ते आपणच सरळ लिहून कळवावं.

आमच्या गावात डोमाजी म्हणून एक गृहस्थ आहेत. वय साठीच्या आतबाहेर, दोन एकर कोरडवाहू, मूलबाळ नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांची बायको चंपाबाई कावीळ होऊन गेली. त्यानंतर हा माणूस दोन वर्षं घराबाहेर आला तो फक्त शेतात जायला. कोणाशी भांडण नाही, बोलणं नाही. दाढी वाढवली असती तर लोकांनी साधू म्हटलं असतं, पण दाढीही ते नेमानं करत, त्यामुळे त्यांना काय म्हणावं हे कोणाला समजेना. मग गेल्या उन्हाळ्यात ते तुमच्याच भैंशाला कापसाच्या कामानं गेले आणि येताना क्लारनेट घेऊन आले. तिथला कोणता तरी लग्नाचा बँड मोडला होता, त्यातल्या माणसाला यांनी एक गोऱ्हा दिला आणि त्याच्या बदल्यात हे वाद्य घेतलं. (गोऱ्हा चांगला होता. मी पाहिलेला आहे.)

त्या दिवसापासून रोज चार वाजता डोमाजी ओट्यावर बसत आणि दिवेलागणीपर्यंत वाजवत. काय वाजवत हे सांगणं कठीण आहे. चंपतरावांना ती आरती वाटे, देवकाबाईला लग्नातलं गाणं वाटे, एसटीच्या एका ड्रायव्हरला (आमच्याकडे आंध्राची बस येते, पण लोक तिला एसटीच म्हणतात) ते इंजिनाचा पट्टा सैल झाल्यासारखं वाटलं आणि त्यानं गाडी थांबवून बॉनेट उघडून पाहिलं. डोमाजींना मात्र त्यात काय दिसे कोण जाणे. गाल फुगलेले, डोळे मिटलेले, आणि चेहऱ्यावर असं समाधान की पाहणाऱ्याला राग तर यावा आणि तोंडानं काही बोलवू नये.

सहा महिने गावानं सोसलं. दसऱ्यानंतर मात्र बैठक बसली. चंपतरावांच्या ओसरीवर. (सरकारनं पाटीलकी काढून घेऊन पाच वर्षं होत आली, तरी चंपतराव 'पाटील' म्हटल्याशिवाय ओ देत नाहीत.) बैठकीला मलाही बोलावणं आलं आणि गेलो तर मला खुर्ची दिली. मामा, ती ओसरी तुम्हाला ठाऊक आहे. आमचे बाबा त्या ओसरीच्या खाली, नालीच्या पलीकडे उभं राहून 'जी' म्हणत असत, आणि त्यांच्या शेजारी तुम्हीही दोनदा उभे राहिलेले आहात. आता मी वर बसलो होतो आणि चंपतराव म्हणत होते, "गुरुजी, तुमी शिकलेले. तुमीच फैसला करा." खरं सांगतो, त्या क्षणी त्यांनी मला पैनगंगेचा उतार बदलायला सांगितला असता तरी मी 'बघतो' म्हटलं असतं. पुढं जे झालं त्याचं निम्मं कारण ती खुर्ची आहे.

उरलेलं निम्मं कारण बी.ए. मी बाहेरून परीक्षेला बसतो आहे आणि नीतिशास्त्रात मागच्या खेपेला एकोणतीस गुण पडले, हे तुम्हाला माहीत आहे. बाकीचे ज्या धड्यावर गेले तोच धडा या वर्षी मी पाठ करून ठेवला आहे. एका विलायती साहेबानं दोनशे वर्षांपूर्वी असं ठरवलं, की चांगलं काम कोणतं, तर ज्यानं जास्तीत जास्त लोकांना जास्तीत जास्त सुख होतं ते. (साहेबाचं नाव लिहीत नाही, मला ते अजून नीट लिहिता येत नाही, गुण तिथंही गेले असावेत.) सुख मोजता येतं असं त्याचं म्हणणं. किती जोराचं आहे, किती वेळ टिकतं, किती जणांच्या वाट्याला येतं हे पाहायचं, त्यातून दुःख वजा करायचं, आणि उरेल त्याप्रमाणे वागायचं. मला हे फार पटलं होतं. आपल्याला तर हे नवीन नाही. भगवंतांनी भिक्खूंना बहुजनांच्या हितासाठी, बहुजनांच्या सुखासाठी गावोगाव फिरा म्हणून सांगितलंच होतं. फक्त फिरताना हातात रजिस्टर घ्या असं त्यांनी सांगितलेलं नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

रजिस्टर मी शाळेचंच घेतलं. घर क्रमांक, नाव, क्लारनेटपासून होणारं सुख अथवा दुःख, शेरा. सुखाला अधिक एक ते दहा, दुःखाला उणे एक ते दहा. बासष्ट घरं, चार संध्याकाळी. पहिल्याच घरी चंपतरावांनी उणे वीस सांगितले. मी म्हटलं, पाटील, दहापर्यंतच आहे. तर म्हणाले, "गावाले दहा अन् मलेही दहाच? लिहा वीस." त्यांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, वारा उलटा असेल तर त्यांना ऐकूही येत नाही. (मी दहाच लिहिले, पण ठळक लिहिले.) डोमाजींच्या शेजारच्या देवकाबाईनं उणे दहा दिले, कारण तिची म्हैस चार वाजले की पान्हा चोरते. मग तिनं आपण होऊन सांगितलं की सून माहेरी गेली म्हणजे तिला अधिक सहा वाटतं. त्याच वेळी मागच्या दारात उभ्या असलेल्या सुनेनं मला सासूकडे बोट दाखवून दोन्ही हातांचे पंजे उघडून दाखवले. तो आकडा अधिक की उणे हे मी विचारलं नाही. म्हातारी जयवंताबाई ठार बहिरी, तिनं अधिक आठ सांगितले. म्हणाली, आवाज तर येत नाही, पण त्याचे गाल बेडकावानी फुगतात ते पाहून लई हसू येते. आता हे क्लारनेटचं सुख धरायचं की गालाचं, यावर पुस्तकात काही नाही.

शेवटी डोमाजींकडे गेलो. त्यांनी मला घोंगडी अंथरून दिली, पाणी दिलं. मी सगळं समजावून सांगितलं, आणि तुमचा आकडा किती म्हणून विचारलं. त्यांनी क्लारनेटच्या बटणांवरून बोटं फिरवली.

"आता दहा हाये, गुरुजी."

"आणि आधी? वाद्य नव्हतं तेव्हा?"

"तवा काई नव्हतं," ते म्हणाले. "उणंबी नव्हतं. आकडाच नव्हता."

मी रजिस्टरात अधिक दहा लिहिले. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं हे सुचलं नाही, म्हणून तो कोरा ठेवला.

बेरीज आली: डोमाजी अधिक दहा, गाव उणे दोनशे चौदा. बैठकीत मी उभं राहून आकडे वाचले आणि साहेबाचा सिद्धांत सांगितला. माना डोलल्या. माझं म्हणणं एवढंच होतं की वाजवायची वेळ कमी करावी, पण चंपतराव म्हणाले, गणितात अर्धवट काई नसते. क्लारनेट शाळेच्या कपाटात कुलपात ठेवायचं ठरलं. आम्हाला वाटलं डोमाजी भांडतील. ते भांडले नाहीत. त्यांनी आकडे पुन्हा एकदा वाचायला लावले, दोनशे चौदा हा आकडा मनाशी दोनदा म्हटला, मग धोतराच्या सोग्यानं वाद्याचं तोंड पुसलं आणि माझ्या हातात दिलं. "कोरड्या जागी ठेवजा," एवढंच म्हणाले. मी ते नकाशांच्या गुंडाळीशेजारी ठेवलं. दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या तासाला कपाट उघडलं तेव्हा मला त्याच्याकडे नीट पाहवलं नाही, हे मी कबूल करतो.

तीन दिवस गाव अगदी शांत होतं. चौथ्या दिवशी चार वाजता डोमाजी आंघोळ करून, धुतलेलं बंडी-धोतर घालून घराबाहेर पडले आणि देवकाबाईच्या ओट्यावर जाऊन बसले. आणि त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "कसं हाये वहिनी, आता? वाढलं काय सुख?"

मामा, यात टोमणा नव्हता. हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. या माणसानं आपल्याजवळचं होतं नव्हतं ते सुख गावाला देऊन टाकलं होतं, आणि दिलेलं पोचलं की नाही हे पाहायला तो आला होता, एवढंच. बियाणं दिलं तर उगवलं का म्हणून आपण नाही का विचारत? देवकाबाई म्हणाली, हो वाढलं की. डोमाजींचा चेहरा उजळला. ते पुढच्या घरी गेले. रोज आठ-दहा घरं, आठवड्यात सगळं गाव, आणि सोमवारपासून पुन्हा पहिल्यापासून.

सुरुवातीला लोकांना गंमत वाटली. मग अडचण होऊ लागली. नवराबायको भांडत असली आणि डोमाजी दारात दिसले की गप्प बसावं लागे, कारण भांडण पाहिलं की त्या माणसाचं तोंड इतकं पडे की भांडणाऱ्यालाच लाज वाटे. एकदा एका घरात बाप पोराला मारत होता, तर डोमाजी उंबऱ्यावर बसून म्हणाले, "मंग मी कायच्यासाठी देलं जी?" बापाच्या हातातली छडी तशीच राहिली. देवकाबाईला सुनेला बोलायला दिवसात चार ते सात ही वेळ उरली नाही (आणि सकाळी तिला कामामुळे वेळ नसतो). ती मला शाळेत येऊन म्हणाली, "गुरुजी, हसून हसून माह्ये गाल दुखून राह्यले." पाळी नसली तरी डोमाजी जाता-येता डोकावतील म्हणून बासष्ट घरांतले लोक चार वाजले की तोंडं धुऊन सुखी होऊन बसत. मी साहेबाच्या पुस्तकात पुन्हा शोधलं. सुख करायचं कसं हे आहे, सुखी दिसावं लागलं तर त्याचं काय, हे नाही.

एका बुधवारी आमच्या घराची पाळी आली. मी बाजेवर बसून वह्या तपासत होतो, तारा चुलीपुढं भाकरी थापत होती. डोमाजींनी मला विचारलं, मी नऊ सांगितले. (दहा सांगणं गुरुजीच्या तोंडी बरं दिसत नाही.) मग ते ताराकडे वळले.

"बाई, तुमचं?"

तारानं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि म्हणाली, "चार."

"चारच?" डोमाजींना वाईट वाटलं.

"चार लई झाले बाबाजी. किती बायाइले तर दोनच असतात."

मी हसलो. मला वाटलं गंमत करते आहे. डोमाजी हसले नाहीत, राम राम घालून निघून गेले. ते गेल्यावर मी विचारलं, बाकीचे सहा कुठं गेले? तर तिनं कोनाड्यातलं रजिस्टर काढलं, शेवटचं पान उघडलं आणि माझ्यापुढं ठेवलं. तिथं माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: घर क्रमांक बासष्ट, स्वतःचं, दोघांचे मिळून सरासरी अधिक नऊ. (मी ते चौथ्या संध्याकाळी घाईत भरलं होतं. क्लारनेटच्या रकान्यात आपल्या संसाराचे गुण भरून बसलो हेही तेव्हा ध्यानात आलं नाही.) "एकसष्ट घरी जाऊन इचारलं," ती म्हणाली, "अन् या घरी बसल्या बसल्या लिहून टाकलं." मग ती भाकरी उलटायला गेली. भाकरी करपली नव्हती. ती कधी करपत नाही.

यानंतर चंपतरावांच्या घरचं प्रकरण झालं. त्यांची धाकटी लेक द्वारका बोथला दहावीला आहे. हुशार मुलगी, माझ्याच हाताखालून गेलेली. तिला पाहायला किनवटकडून पाहुणे आले, मुलगा, त्याचा बाप आणि बयनाबाई नावाची म्हातारी आजी. बैठक छान रंगली होती. (मी हजर होतो. पाहुण्यांना दाखवायला एक शिकलेला माणूस असावा म्हणून मला बोलावलं होतं.) पाच वाजले आणि डोमाजी आले. त्या दिवशी त्या आळीची पाळी होती, त्यांना पाहुण्यांचं काही माहीत नव्हतं. त्यांनी चंपतरावांना विचारलं, "पाटील, आज किती?" चंपतराव पाहुण्यांपुढं घाईघाईनं म्हणाले, दहा, दहा, बसा. मुलाच्या बापाला हे काय ते कळेना, पण तो मोकळा माणूस होता. हसून म्हणाला, आमचंही दहा लिहा. एवढ्यात द्वारका चहा घेऊन आली. डोमाजींनी तिच्याकडे पाहिलं आणि इतरांना विचारतात तसंच विचारलं.

"अन् तुयं किती, बाई?"

मुलीनं तबक खाली ठेवलं. बापाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता मान खाली घालून आत जाईल.

"दोन," ती म्हणाली.

"दोन काऊन?"

"मले मार्चात परीक्षेले बसाचं हाये. अन् बसू देनार नाई म्हनतात."

चंपतरावांचा हात मिशीवर गेला तो तिथंच राहिला. मुलाच्या बापानं उचललेला कप खाली ठेवला. शेवटी बयनाबाई बोलली. म्हणाली, "पोरगी खरं बोलली. माह्या वक्ताले कोनी इचारलं असतं, तर मी शून्य म्हनली असती. पन कोनी इचारलंच नाई." मग ती काठी टेकत उठली, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, मार्चानंतर येऊ. पाहुणे निघून गेले. डोमाजींनी आपला चहा शेवटपर्यंत प्यायला आणि म्हणाले, दोनाचे वाढतील, पोरगी हुशार हाये.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पुन्हा बैठक. विषय एकच, डोमाजींना क्लारनेट परत द्या आणि बासष्ट घरांना सोडवा. या खेपेला मला खुर्ची नव्हती. ती ओसरीतच होती, पण तिच्यावर चंपतरावांनी आपलं उपरणं ठेवलं होतं. मी वाद्य हातात घेऊन उभा राहिलो आणि बाबांची आठवण आली. त्यांच्या हातात निदान काही धरायला नसायचं. डोमाजींनी पाहिलं, उठले, आपलं घोंगडं दोन हात सरकवलं आणि "गुरुजी, हितं बसा," म्हणाले. मी बसलो. तुम्हाला म्हणून सांगतो, खुर्चीपेक्षा ती जागा बरी होती.

पण डोमाजी क्लारनेट घेईनात. त्यांचं म्हणणं सरळ होतं: माझे दहा, गावाचे उणे दोनशे चौदा, हे गुरुजींचं गणित. ते चुकलं असेल तर गुरुजींनी सांगावं, नसेल तर मी वाद्य कसं घेऊ? सगळे माझ्याकडे पाहू लागले. चंपतराव म्हणाले, गुरुजी, सांगा चुकलं म्हणून. मी रजिस्टर उघडलं, पुन्हा बेरीज केली. बेरीज बरोबर होती. मी म्हटलं, बेरीज बरोबर आहे, पण विचारायचं राहिलं ते चुकलं. हे कोणालाच समजलं नाही (मलाही पुरतं समजलं नव्हतं). तेव्हा देवकाबाई पदर खोचून पुढं आली.

"ऐक रे बाप्पा," ती डोमाजींना म्हणाली. "तू वाजवत होता तवा आमी समदे मिळून तुले शिव्या देत होतो. सून अन् मी, दोघी एका तोंडानं. आता तुले देता येत नाई. मंग कोनाले देवाव? घरच्याइलेच द्याव लागते, अन् ते बी तू येऊन बसते म्हनून देता येत नाई. जीव कोंडून राह्यला."

डोमाजींनी विचार केला. "म्हंजे मी वाजवलं तर तुमाले शिव्या द्याचं सुख भेटते?"

"लई भेटते."

"म्हैस?"

"म्हैस पाह्यली जाईन. तू वाजव."

त्यांनी एकेका माणसाकडे पाहून खरं का म्हणून विचारलं आणि एकेकानं हो म्हटलं. मग त्यांनी क्लारनेट माझ्या हातातून घेतलं, उन्हाकडे धरून आत ओल आहे का पाहिलं, आणि तिथंच वाजवायला बसले. मामा, महिन्याभराच्या खंडानं ते पूर्वीपेक्षा वाईट झालं होतं. दहा मिनिटांत अर्धं गाव शिव्या देत घरी गेलं, आणि जाताना देवकाबाई आणि तिची सून एकमेकींना हसून काहीतरी सांगत होत्या. जयवंताबाई पुढं येऊन गालांसमोर बसली.

आता चार ते सात पुन्हा वाजतं. चंपतराव माझ्याशी बोलत नाहीत, पण त्यांनी द्वारकेच्या परीक्षेची फी भरायला तिला बोथला धाडलं. त्याआधी त्यांच्या घरातल्या बायांनी दोन दिवस चूल पेटवली नाही असं ऐकतो. एवढी एकच गोष्ट या सगळ्या उठाठेवीतून चांगली निघाली, आणि तिच्यासाठी माझ्या रजिस्टरात रकानासुद्धा नव्हता. साहेब चुकला असं मी म्हणत नाही. लोकांच्या सुखाचा विचार करणारा माणूस वाईट कसा असेल? पण मला वाटतं तो बासष्ट घरांच्या गावात राहिलेला नसावा, किंवा राहिला असेल तर त्याच्या घरी कोणी डोमाजी येऊन बसला नसावा.

बाकी इकडचं सर्व क्षेम आहे. मामींना जयभीम सांगावा. वडीलधाऱ्यांपुढं पत्र लांबलं, पण एवढ्या लांब असलेल्या माणसाशी थोडक्यात बोलणं मला जमत नाही.

तुमच्या घरी पाटीवर पहिलं अक्षर गिरवलेला,
नागोराव

ता.क. – माझं नीतिशास्त्राचं जुनं गाइड तुमच्या माळ्यावर राहिलं आहे. ते पाठवू नये. मामींना चुलीसाठी कागद लागत असेल तर वापरावं.

ता.क. दुसरा – मुख्य गोष्ट लिहायची राहिली. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन म्हणून तारा मामींच्या मदतीला आठ दिवसांसाठी लेकीला घेऊन भैंशाला आली, त्याला आज एकवीस दिवस झाले. डोळा बरा होत असेल याचा मला आनंदच आहे. पण मामींनी गोडीगुलाबीनं, सहज बोलता बोलता विचारावं, की ते चार कशाचे होते आणि उरलेले सहा कशाचे. मी विचारलं तर सांगत नाही. त्यातले एक-दोन माझ्या हातातले असतील तर कळवावं. मी विचारायला लावलं हे मात्र सांगू नये.

ता.क. तिसरा – पाकीट डकवायच्या आधी आत्ता ध्यानात आलं. तुमच्या डोळ्याला अजून पट्टी असणार, मामींना वाचता येत नाही, म्हणजे हे पत्र पहिल्या ओळीपासून तीच मोठ्यानं वाचून दाखवत असणार.

तारा, आता मोठ्यानं वाचू नकोस. मी बासष्ट नंबरचे नऊ खोडले. त्या जागी काही लिहिलं नाही. काल डोमाजी आले होते, क्लारनेट न घेता, आणि मला विचारत होते किती. मी त्यांना चहा दिला आणि आकडा सांगितला नाही. तुला सांगतो, दीड. त्यातलाही अर्धा शाळेत असताना असतो.

ये. भाकरी मला जमत नाहीत म्हणून नव्हे.